जॉन्स बेटावरील रात्रशाळा

प्रौढांच्या साक्षरतेचा विषय निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून बहुधा एकच सूर ऐकू येतो. शिकविणारे पुष्कळ मिळतील हो, पण शिकावयास येतो कोण? दिवसभर राबून थकलेल्या माणसास पाटीपेन्सिलीची हौस कोठून असणार? ह्या बोलण्यात दुष्टावा नसतो. कित्येकदा त्यामागे प्रामाणिक अनुभवही असतो. परंतु त्यात एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते. अक्षरविद्या ही वरून खाली देण्याची वस्तू आहे, देणारे राज्यकर्ते आणि सुशिक्षित लोक उत्सुक आहेत, आणि घेणारा निरक्षर मनुष्य तेवढा उदासीन आहे, ही ती गोष्ट होय. इतिहासाचा कौल असाच आहे काय, हे पाहण्यासाठी आम्ही आज वाचकांस एका दूरच्या किनाऱ्यावर नेणार आहो. तेथील दोनशेंहून अधिक वर्षांचा वृत्तांत पाहिला असता नेमके उलट दिसते. तेथे शिकण्याची मागणी प्रौढ निरक्षरांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, आणि नकार आला तो राज्यकर्त्यांकडून. हा वृत्तांत परक्यांचा असला तरी अखेरीस तो आमच्या दाराशी कसा येऊन पोहोचतो, तेही ओघाने दिसेल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी दक्षिण कॅरोलिना हे एक जुने संस्थान. त्याच्या किनाऱ्यालगत लहानमोठ्या बेटांची एक माळ आहे. चार्ल्स्टन शहराच्या नैर्ऋत्येस, स्टोनो नदीच्या पलीकडे, जॉन्स बेट लागते. ह्या भागातील भाताची व कापसाची शेते आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर पिकत असत. गोऱ्या मालकांपेक्षा कृष्णवर्णीय गुलामांची वस्ती येथे कितीतरी अधिक होती. त्यामुळे मालकांच्या मनात भीतीही तितकीच मोठी होती. १७३९ साली ह्याच स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांनी बंड केले. ते मोडून काढण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १७४० साली, संस्थानाने गुलामांविषयी एक कडक कायदा केला. गुलामास लिहावयास शिकविणाऱ्या मनुष्यास शंभर पौंड दंड व्हावा, असे एक कलम त्यात होते.

ह्या कलमातील एक बारकावा वाचकांनी ध्यानात घ्यावा. बंदी होती ती लिहिण्यावर, वाचण्यावर नव्हे. वाचणारा गुलाम फार तर बायबल वाचील, आणि त्यात मालकांस धोका दिसत नव्हता. परंतु लिहिणारा गुलाम स्वतःच्या हाताने परवान्याची चिठ्ठी लिहून मळ्याबाहेर पडू शकत होता. दुसऱ्या मळ्यावरील आपल्या जातभाईंस निरोप धाडू शकत होता. वाचणारा दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेतो. लिहिणारा आपले म्हणणे मांडतो. राज्यकर्त्यांस हा भेद पक्का ठाऊक होता. पुढे १८३४ साली मात्र वाचनावरही बंदी आली. शिकविणारा गोरा असल्यास दंड व कैद, आणि कृष्णवर्णीय असल्यास फटके, अशी शिक्षा ठरली. ज्या वस्तूची कोणास इच्छाच नाही, तिच्यावर एवढे कायदे कोणी करीत नाही. गुलामांस अक्षराची ओढ होती, ह्याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या मालकांनीच आपल्या कायद्यांत लिहून ठेविला आहे.

१८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने ह्या बेटांपैकी काही ताब्यात घेतली. मळेवाले पळून गेले. गुलाम तेथेच राहिले. १८६२ साली सेंट हेलेना बेटावर लॉरा टाउन आणि एलन मरे ह्या दोन बायांनी शाळा काढली. तीच पुढे पेन स्कूल ह्या नावाने प्रसिद्धीस आली. शाळा मुलांसाठी होती, परंतु ह्या बेटांवरील शाळांत मुलांबरोबर मोठी माणसेही येऊन बसू लागली. शेतातील काम आटोपून आलेल्या, मांडीवर मूल घेतलेल्या बाया अक्षरे गिरवीत असल्याचे त्या काळच्या शिक्षिकांनी लिहून ठेविले आहे. कोणी त्यांच्या दारी जाऊन शाळेत येण्यास विनविले नव्हते. कायदा हटताच ती माणसे आपण होऊन आली.

त्याच वर्षी मे महिन्याच्या १३ तारखेस चार्ल्स्टनच्या बंदरात एक विलक्षण गोष्ट घडली. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा तेवीस वर्षांचा गुलाम ‘प्लँटर’ नावाच्या लष्करी आगबोटीवर काम करीत असे. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले पाहून त्याने आपल्या सोबत्यांसह व बायकामुलांसह ती आगबोट पहाटे बंदराबाहेर काढली आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. ह्या धाडसाची कथा अमेरिकेत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु आम्हांस त्याच्या चरित्रातील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. मोकळा झाल्यावर त्याने लिहावाचावयास शिकण्याचा अभ्यास केला. म्हणजे हा वीर प्रौढ वयात अक्षरे गिरविणाऱ्यांपैकी होता.

युद्ध संपल्यावर १८६५ च्या नोव्हेंबरात चार्ल्स्टन येथील झायन चर्चमध्ये दक्षिण कॅरोलिनातील कृष्णवर्णीयांची परिषद भरली. युद्धापूर्वी ह्या संस्थानातील त्यांच्या जातभाईंपैकी बहुतेकांस अक्षर शिकणे हाच गुन्हा होता. त्या परिषदेने राष्ट्राच्या काँग्रेसला एक निवेदन पाठविले. शाळा, धर्मपीठ आणि वृत्तपत्र ही तिन्ही आमच्या संस्थानातही निर्भय असावीत, आणि मताचा हक्क सर्वांस समान असावा, अशा त्यात मागण्या होत्या. शाळा आणि मत ह्या दोन गोष्टी येथे एकाच कागदावर आल्या आहेत. पुढचा सारा इतिहास ह्या दोहोंच्या जोडीचाच आहे.

१८६८ साली संस्थानाची नवी घटना लिहिण्यासाठी सभा भरली. तीत कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत होते आणि रॉबर्ट स्मॉल्स हा त्यांपैकी एक होता. वर्णभेद न करता सर्व मुलांस खुल्या असणाऱ्या मोफत सार्वजनिक शाळा काढण्याचे कलम त्या घटनेत आले. स्वतः स्मॉल्सने सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा पुरस्कार केला होता. वास्तविक गोऱ्यांची सत्ता असताना दक्षिण कॅरोलिनात सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची पद्धती कधी उभीच राहिली नव्हती. ती मागितली ती ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती त्यांनी. आणि तिचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला.

हे दिवस फार टिकले नाहीत. १८७७ पर्यंत संस्थानाची सत्ता पुन्हा जुन्या वर्गाच्या हाती गेली. मताचा हक्क राष्ट्राच्या घटनेने दिलेला असल्यामुळे तो वर्णाच्या नावाने उघड काढून घेता येत नव्हता. मग युक्ती निघाली. १८९५ साली कोलंबिया येथे भरलेल्या घटनासभेत बेंजामिन टिलमन ह्या पुढाऱ्याच्या आग्रहाने असे ठरले की, ज्यास घटनेतील कोणतेही कलम वाचता व लिहिता येईल, किंवा ज्याच्यापाशी तीनशे डॉलरांची करपात्र मालमत्ता असेल, त्यासच मतदार म्हणून नोंदावे. वाचन बरे झाले की नाही हे ठरविणार कोण? तर नोंदणी करणारा गोरा अधिकारी. अशा रीतीने त्याच वाचनाची शाई एकास काळी आणि दुसऱ्यास पांढरी दिसू लागली. ज्या राज्याने सव्वाशे वर्षे अक्षर शिकणे गुन्हा ठरविला, त्याच राज्याने आता अक्षर न येणे हा गुन्हा ठरविला. ह्या सभेत सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. रॉबर्ट स्मॉल्स त्यांत होताच. त्याने विरोध केला, पण मते नव्हती. अखेर घटनेच्या मसुद्यावर सही करण्याची वेळ आली तेव्हा त्याने सही देण्याचे नाकारले. प्रौढपणी कष्टाने कमाविलेली ती सही त्याने तेवढ्या कागदास दिली नाही.

आता आपण पुन्हा जॉन्स बेटाकडे वळू. १९१६ साली सेप्टिमा पॉइन्सेट नावाची अठरा वर्षांची मुलगी शिक्षिका म्हणून ह्या बेटावर आली. विवाहानंतर ती सेप्टिमा क्लार्क ह्या नावाने ओळखली गेली. तिच्या शाळेत १३२ मुले आणि दोन शिक्षिका. मुख्य शिक्षिका म्हणून तिला महिना ३५ डॉलर मिळत. रस्त्यापलीकडील गोऱ्यांच्या शाळेत तीन मुले होती आणि तेथील शिक्षिकेस ८५ डॉलर मिळत. हे आकडे क्लार्कबाईंनी स्वतः सांगितले आहेत, आणि १८९५ च्या घटनेचा अर्थ ह्याहून स्पष्ट सांगता येणे कठीण आहे. निरक्षरता हा मत न देण्याचा आधार झाला म्हणजे निरक्षरता टिकविण्यात राज्यकर्त्यांचा लाभ असतो. मग शाळेवर पैसा कोण खर्च करील?

परंतु त्याही काळी संध्याकाळी मोठी माणसे क्लार्कबाईंच्या दारी येऊ लागली. बेटावर परस्परसाहाय्याच्या मंडळ्या होत्या. आजारपणात व मयताच्या वेळी त्या सभासदांच्या उपयोगी पडत. त्या मंडळ्यांच्या सभांत ज्यांस भाषण करावयाचे असे, त्यांस ते कागदावरून वाचता यावे अशी इच्छा होती. म्हणून ती माणसे शिकवा म्हणाली आणि बाईंनी त्यांना शिकविले. ह्या शिकविण्यास सरकारची मंजुरी नव्हती, पगार नव्हता, की पुस्तक नव्हते. चाळीस वर्षांनंतर ह्याच बाईंच्या हातून जे मोठे कार्य झाले, त्याचे बीज येथे पडले.

१९५० च्या सुमाराचे जॉन्स बेट डोळ्यांपुढे आणावे. इसॉ जेन्किन्स नावाचे तेथील एक शेतकरी व व्यापारी. त्यांची एक बस होती, आणि बेटावरील मजुरांना ते तिच्यातून चार्ल्स्टन शहरी कामावर पोहोचवीत. १९४८ साली त्यांनी बेटवासीयांचा ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ स्थापिला होता. त्यांच्या बसमध्ये ॲलिस वाइन नावाची एक बाई बसत असे. तिने त्यांस सांगितले की, मला फारसे शिकता आले नाही, पण तुम्ही मदत केलीत तर मी मतदार होईन. जेन्किन्सनी घटनेतील कलमाच्या प्रती करून उतारूंना दिल्या आणि प्रवासात व थांब्यावर ते वाचून दाखवू लागले. ॲलिसबाईने ते कलम कानांनी ऐकून तोंडपाठ केले, आणि नोंदणीच्या कचेरीत जाऊन कागद हाती धरून घडाघड म्हणून दाखविले. तिचे नाव नोंदले गेले.

येथेच ही गोष्ट संपती, तर ती केवळ चातुर्याची कथा झाली असती. परंतु नाव नोंदविल्यावरही ॲलिसबाईचे समाधान झाले नाही. पाठ म्हटलेले कलम आपण वाचलेले नाही, हे ती जाणून होती. तिला खरोखरीचे वाचावयास शिकावयाचे होते, आणि तिच्यासारखे आणखी पुष्कळ होते. त्यांनी जेन्किन्सपाशी शाळेची मागणी केली. त्यांनी ती बेटावरील शाळेच्या मुख्याध्यापकापाशी नेली, धर्मोपदेशकापाशी नेली. दोघांनीही भीतीने नकार दिला. सरकारी नोकरीवर पोट असलेला कृष्णवर्णीय मनुष्य मतदार घडविणाऱ्या शाळेस जागा देतो, हे कळल्यावर त्याची नोकरी राहती ना. ही भीती खोटी नव्हती. १९५६ साली संस्थानाने कायदा करून आपल्या नोकरांस कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे सभासद राहण्यास बंदी केली, आणि सभासदत्व लपविण्यास नकार देणाऱ्या क्लार्कबाईंची चाळीस वर्षांची नोकरी त्याच वर्षी गेली.

प्रौढांच्या साक्षरतेसाठी सरकारी वर्ग मुळीच नव्हते, असे मात्र नाही. परंतु ते टिकत नसत. मायल्स हॉर्टन ह्यांनी १९३२ साली टेनेसी संस्थानात मॉन्टीगल येथे ‘हायलँडर फोक स्कूल’ ही प्रौढांची शाळा काढली होती. त्यांनी चौकशी करता असे दिसले की, त्या वर्गांत मोठ्या माणसांस लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसवीत, त्यांस मुलांचीच पुस्तके देत, आणि मुले त्यांची टर उडवीत. थोड्याच दिवसांत वर्ग ओस पडे. मग अधिकारी म्हणत की, ह्या लोकांना शिकावयासच नको. आमच्या प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी येथे आहे. शिकणाऱ्याचा मान सांभाळला जात नाही तेथे तो फिरकत नाही. आणि त्याचे न फिरकणे ही त्याची उदासीनता म्हणून दप्तरी लिहिली जाते.

१९५४ च्या ऑगस्टात क्लार्कबाईंबरोबर जेन्किन्स हायलँडर येथील एका शिबिरास गेले. विषय होता संयुक्त राष्ट्रसंघाचा. परत गेल्यावर काय करणार, असे विचारताच त्यांनी सांगितले की, आमच्या बेटावर माणसांना वाचावयास शिकविणारी रात्रशाळा हवी, बाकीचे मागून. हॉर्टन ह्यांनी हे म्हणणे मनावर घेतले. हायलँडरने क्लबास दीड हजार डॉलर बिनव्याजी कर्ज दिले आणि क्लबाने बेटावरील एक जुनी शाळागृहाची इमारत विकत घेतली. पुढील भागात किराणा मालाचे सहकारी दुकान थाटले. मागील दोन खोल्या वर्गासाठी ठेविल्या, आणि आत काय चालते हे बाहेरून दिसू नये म्हणून त्यांना खिडक्या ठेविल्या नाहीत.

१९५७ च्या जानेवारीच्या ७ तारखेस त्या खोल्यांत पहिला वर्ग भरला. शिकणारे चौदा होते. शिकविण्यास मुद्दाम पदवीधर शिक्षक घेतला नाही. बर्निस रॉबिन्सन ही चार्ल्स्टनची केस विंचरण्याचा व शिवणाचा धंदा करणारी बाई, क्लार्कबाईंची नातलग, तिला ह्या कामी घातले. स्वतंत्र धंदा असल्यामुळे तिची नोकरी काढून घेण्याची धमकी कोणास देता येत नव्हती. पहिल्या रात्री ती शिकणाऱ्यांस म्हणाली की, मी काही खरी शिक्षिका नव्हे. आपण मिळून शिकू. मग तिने एक साधा प्रश्न विचारला: तुम्हांला काय शिकावयाचे आहे?

उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. कोणास आपले नाव लिहावयाचे होते. कोणास लष्करात असलेल्या मुलास पत्र लिहावयाचे होते. मनीऑर्डरीचा फॉर्म, टपालाने माल मागविण्याचा फॉर्म, बायबल, वर्तमानपत्र, आणि अर्थात् नोंदणीचे कलम. ह्याच मागण्या अभ्यासक्रम झाल्या. नाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावयाचे आणि शिकणाराने हाताला वळण बसेपर्यंत ते पुनःपुन्हा गिरवावयाचे. वर्गात एक पासष्टीची बाई होती. फळ्यावरील अनेक नावांतून स्वतःचे नाव तिने जेव्हा काठीने दाखविले, तेव्हाचा आनंद रॉबिन्सनबाईंनी जन्मभर सांगितला. भिंतीवर त्यांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा लाविला होता आणि वर्ग संपेपर्यंत तो सर्वांस वाचता यावा असा त्यांचा निश्चय होता. आठवड्यातून दोन रात्री, शेतीची कामे कमी असतात त्या हिवाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत, हा वर्ग चालला. वर्ग संपल्यावर त्यांतील कित्येकांनी कचेरीत जाऊन कलम वाचून दाखविले आणि मतदार म्हणून नाव नोंदविले.

पुढच्या दोन वर्षांत वॉडमलॉ व एडिस्टो ह्या शेजारच्या बेटांनीही तसेच वर्ग मागितले. क्लार्कबाईंनी शिकणाऱ्यांसाठी एक लहान पुस्तिका तयार केली. तीत निवडणुकीचा कायदा होता, कराची माहिती होती, वार्धक्याच्या सरकारी विम्याची माहिती होती, आणि परगण्याच्या शाळामंडळाची कर्तव्ये कोणती तेही होते. अक्षर शिकणारा मनुष्य पहिल्याच पुस्तकात हे शिकत होता की, आपल्या मुलांची शाळा कशी असावी हे ठरविणारे लोक अमुक आहेत, आणि त्यांस निवडणारे आपण आहो. प्रौढांची साक्षरशाळा आणि राज्यकर्त्यांपाशी करावयाची मागणी ह्या दोन गोष्टी येथे वेगळ्या राहिल्याच नाहीत.

राज्यकर्त्यांनाही हे उमजले. १९५९ च्या जुलैअखेर टेनेसीच्या पोलिसांनी हायलँडरवर छापा घातला आणि क्लार्कबाईंस दारू बाळगल्याच्या आरोपाखाली अटक केली. पुढे त्या शाळेची सनदही रद्द झाली. परंतु १९६१ साली मार्टिन लूथर किंग ह्यांच्या संस्थेने हे कार्य आपल्याकडे घेतले, आणि दक्षिणेतील संस्थानासंस्थानांतून शेतकरी, मजूर व घरकाम करणाऱ्या बाया वर्ग चालविण्यास शिकून जाऊ लागल्या. त्यांत मिसिसिपीची फॅनी लू हेमर ही वाट्याने शेती करणारी बाई होती. मतदार होण्याचा यत्न केल्याबद्दल १९६२ साली तिला मळ्यावरील घर सोडावे लागले. १९६३ च्या जूनात चार्ल्स्टन येथील शिक्षणशिबिराहून परतत असता वाटेत तिला अटक करून निर्दयपणे मारण्यात आले. १९६४ च्या ऑगस्टात ती राष्ट्रातील सत्ताधारी पक्षाच्या समितीपुढे उभी राहिली आणि आपल्यावर गुदरलेला प्रसंग तिने सर्व देशास ऐकविला. तिचे शाळेतील शिक्षण अवघ्या काही वर्षांचे. तरीही त्या दिवशी तिच्या भाषणावरून लोकांचे लक्ष उडावे म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांना घाईने पत्रकारांची बैठक बोलवावी लागली.

१९६५ च्या ऑगस्टाच्या ६ तारखेस त्याच जॉन्सन ह्यांनी मताधिकाराच्या कायद्यावर सही केली, आणि दक्षिणेतील त्या संस्थानांतून मतदारांची साक्षरतेची परीक्षा बंद झाली. दहा वर्षांनी ती सर्व देशात कायमची रद्द झाली. प्रौढांच्या शिक्षणासाठी मध्यवर्ती सरकारने स्वतंत्र कायदा केला तो १९६६ साली. ज्या क्लार्कबाईंस शाळेतून काढून टाकले होते, त्या पुढे चार्ल्स्टन परगण्याच्या शाळामंडळावर लोकांच्या मतांनी निवडून आल्या. १९८७ च्या डिसेंबरात जॉन्स बेटावरच त्यांचे देहावसान झाले.

आता हा वृत्तांत आमच्या दाराशी कसा येतो ते पाहू. १८७३ साली जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते गुलामांस दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांस अर्पण केले. त्या वर्षी रॉबर्ट स्मॉल्स दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळात बसत होता. जोतीरावांनी त्याचे नाव ऐकले असावे असे मानण्यास आधार नाही. परंतु दोघांचा शोध एकच होता. १८५५ साली जोतीरावांनी पुण्यात मजूर व शेतकरी ह्यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना, शेतकऱ्याच्या घामातून उभा राहिलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकरी मात्र अक्षरशून्य राहतो, असे त्यांनी सरकारास बजाविले. रस्त्याच्या अलीकडचे ३५ डॉलर आणि पलीकडचे ८५ डॉलर ह्यांची ही आमच्याकडील आवृत्तीच होती.

पुढे १९२८ साली सायमन कमिशन येथे आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. लोक निरक्षर आहेत, त्यांस मत कसे द्यावे, हा आक्षेप तेव्हा सर्वत्र होता, आणि तो घेणारे केवळ इंग्रजच नव्हते. १९२९ च्या आपल्या अहवालात डॉ. आंबेडकरांनी त्यास दिलेल्या उत्तराचा आशय असा की, लोकांस निरक्षर ठेवावयाचे आणि मग त्याच निरक्षरतेच्या सबबीवर त्यांस मताधिकार नाकारावयाचा, हा अन्यायावर अपमान आहे. दक्षिण कॅरोलिनाच्या १८९५ च्या घटनेस ह्याहून नेमके उत्तर आम्हांस ठाऊक नाही. १९५० साली भारताची घटना अमलात आली. पुढल्या वर्षीच्या शिरगणतीत शंभरांत सुमारे अठराच माणसे साक्षर निघाली. तरी प्रौढ स्त्रीपुरुषांस मत देताना त्या घटनेने अक्षराची अट घातली नाही. अमेरिकेत जी गोष्ट साध्य होण्यास १९६५ साल उजाडावे लागले, ती आमच्याकडे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी मिळाली. ह्या गोष्टीचा अभिमान अवश्य वाटावा.

परंतु तेवढ्यावर थांबू नये. घटनेने शिक्षणाविषयी जो निर्देश दिला, तो चौदा वर्षांखालील मुलांपुरता होता. ज्यांची शाळा आधीच हुकली होती, त्या प्रौढांसाठी तशी मुदत कोणी घातली नाही. मतास अक्षर लागत नाही, तेव्हा अक्षरावाचून कोणाचे अडते, अशी वृत्ती राज्यकर्त्यांत सहज शिरली. मध्यंतरी चांगले यत्न झाले. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे साक्षर होण्यास सरसावली. १९७८ व १९८८ साली देशव्यापी कार्यक्रम निघाले. प्रत्येक वेळी शिकणारे आले. तथापि चळवळीचा भर ओसरला की वर्ग बंद पडत, आणि अर्धवट शिकलेली अक्षरे पुसली जात.

आणि इतक्यात जुनी युक्ती पुन्हा दिसू लागली. २०१४ च्या अखेरीस राजस्थानाने आणि २०१५ साली हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांस शाळेच्या इयत्तेची अट घातली. हरियाणात सर्वसाधारण पुरुषास दहावी, स्त्रियांस व अनुसूचित जातींच्या पुरुषांस आठवी, अशी ती होती. अनुसूचित जातीच्या स्त्रीस केवळ पंचाच्या पदासाठी पाचवी पुरे ठरली. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी ही अट वैध ठरविली. राजस्थानाने आपली अट २०१९ साली मागे घेतली. हेतू चांगला असेल. टिलमनशी ह्या कायद्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या वृद्ध बाईच्या लहानपणी तिच्या गावात शाळाच नव्हती, तिला आज शाळेचा दाखला मागणे हे डॉ. आंबेडकरांच्या कसोटीस कसे उतरते, ह्याचा विचार आमच्या सुशिक्षित वर्गाने फारसा केला नाही. उलट, शिकलेलेच लोक राज्य करोत, असे कित्येक घरांतून समाधानाने म्हटले गेले.

म्हणून आमचे वाचकांस एवढेच सांगणे आहे की, शिकावयास येतो कोण, हा प्रश्न आपण दुसरीकडून विचारावा. आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई बँकेच्या कागदावर अंगठा उठविते. तिला काय शिकावयाचे आहे, असे आपण एकदा तरी विचारले आहे काय? तिचे उत्तर कदाचित् बॅरिस्टर होण्याचे नसेल. पगाराची वही, मुलाचे प्रगतिपुस्तक, बसवरची पाटी, सासरी गेलेल्या लेकीचा निरोप, एवढेच ती सांगेल. जॉन्स बेटावरील चौदा जणांनीही प्रारंभी ह्याहून फार मोठे काही मागितले नव्हते. त्यांस रात्रीची जागा, मानाची वागणूक आणि त्यांच्या गरजेचे पुस्तक मिळाले. पुढचे त्यांनीच केले. ही तीन साधने पुरविणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य मागून घेण्याचा हक्क सर्वांत आधी शिकणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्या मागणीच्या अर्जाखाली आपलीही सही घालणे, एवढे तरी आमच्या सुशिक्षित कुटुंबांस कठीण नाही.